दहाव्या दिवसाचा ताप

केमोथेरपीची सलाईन चालू असते तोवर पेशंट डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर असतो. खरा धोका येतो साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात, आणि तेव्हा तो एटापल्लीकडे नाहीतर धारणीकडे आपल्या गावी असतो. बहुतेक केमो औषधं भराभर वाढणाऱ्या पेशी मारतात. त्यात रक्तपेशी तयार करणारी अस्थिमज्जाही सापडते. संसर्गाशी लढणाऱ्या जुन्या पांढऱ्या पेशी संपतात, नव्या तयार होत नाहीत. ग्रामीण विदर्भातल्या कॅन्सर आणि रक्तविकारतज्ज्ञाचं कसब यावरूनच जोखावं: या आठवड्याची तजवीज त्याने पेशंट एसटीत बसण्याआधी केली का?

गणित सोपं आहे. एकूण पांढऱ्या पेशी १,२०० आणि त्यात न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा मुख्य प्रकार) ३० टक्के, म्हणजे ३६०. हा आकडा ५०० च्या खाली आणि ताप १०१ फॅरनहाइट असेल, तर शिरेतून अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवं. रिपोर्टसाठी थांबायचं नाही. पहिला डोस जवळच्या ग्रामीण रुग्णालयात, मग नागपूरची गाडी. घोळ होतो तो गावातच. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, संसर्ग वाढत राहतो. पू धरायला पेशीच नसल्यामुळे जखम फारशी लाल दिसत नाही, एक्स-रेही कधी स्वच्छ येतो. त्यात कुणी कमरेत सुई टोचली आणि रक्त गोठवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, कमी असल्या, तर तिथे रक्त साकळतं ते वेगळंच.

म्हणून सुट्टीच्या कागदावर औषधांची नावं, केमोची तारीख, तापात कोणतं अँटिबायोटिक द्यायचं आणि ‘स्नायूत सुई नको’ हे ठळक लिहिलेलं हवं. पांढऱ्या पेशी वाढवणारी फिलग्रास्टिमची इंजेक्शनं रोज, काही दिवस घ्यावी लागतात आणि २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागतात. ज्या घरी फ्रिज नाही, तिथे ती देऊन उपयोग नाही. पेगफिलग्रास्टिमचं ६ मिलिग्रॅमचं एकच इंजेक्शन पुरतं, मात्र ते केमो संपल्यावर २४ तासांनी. तेवढ्यासाठी पेशंटला एक रात्र जास्त थांबवणं केव्हाही परवडलं.

या तज्ज्ञाचं शिक्षण लांबलचक: एमबीबीएस साडेपाच वर्षं, एमडी तीन, त्यापुढची अतिविशेष पदवी डीएम आणखी तीन. आपल्याकडे कॅन्सर आणि रक्तविकार यांचे डीएम वेगवेगळे आहेत. अमेरिकेत बहुतेक जण दोन्ही एकत्र शिकतात. गडचिरोली-चंद्रपूरच्या ओपीडीला ही वाटणी मान्य नसते. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाऊन तोंड दोन बोटंही न उघडणारा माणूस आणि हाडं ठणकणारी सिकलसेलची मुलगी एकाच रांगेत असतात.

सिकलसेल म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक रक्तविकार. त्याची पहिली चाचणी सोल्युबिलिटीची (विरघळण्याची): २ मिली द्रावणात २० मायक्रोलिटर रक्त, पाच मिनिटं थांबायचं, नळीमागच्या रेघा दिसतात का पाहायचं. दिसल्या नाहीत तर एस हिमोग्लोबिन, म्हणजे सिकलसेलचं सदोष हिमोग्लोबिन, आहे. पण ती व्यक्ती वाहक (एएस) की पीडित (एसएस), हे यातून कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी लागते. सहा महिन्यांच्या आतलं बाळ, खूप कमी हिमोग्लोबिन किंवा नुकतंच चढवलेलं रक्त, या तिन्हींत उत्तर चुकू शकतं. आणखी एक नेहमीची चूक म्हणजे हिमोग्लोबिन ८ दिसलं की लोहाच्या गोळ्या. सिकलसेलमध्ये लाल पेशी फुटतात, त्यातलं लोह शरीरातच राहतं. तपासणीत लोह कमी निघालं तरच त्या द्याव्यात. फॉलिक अॅसिड मात्र हवंच.

हायड्रॉक्सीयुरिया हे मूळचं कॅन्सरचं औषध. आपल्याकडे ते सिकलसेलला साधारण १० मिलिग्रॅम प्रतिकिलोपासून सुरू करतात. ३० किलोच्या मुलीला दिवसाला ३०० मिलिग्रॅम बसतात, पण दुकानात कॅप्सूल ५०० ची. ती फोडून अर्धी करायची नाही. डॉक्टर आठवड्याला चार कॅप्सूल ठरवून वार लिहून देतात. घरात गरोदर बाई असेल तर तिने ती हाताळू नये. गुण यायला तीन ते सहा महिने लागतात. नेमकं याच काळात, ‘काही फरक नाही’ म्हणून औषध सुटतं. सुरुवातीला दर महिन्याला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) हवी. प्लेटलेट ८०,००० च्या खाली गेल्या तर औषध थांबवून आठवड्याने पुन्हा तपासायचं.

त्या सीबीसीचीही एक अडचण. त्यासाठीची जांभळ्या टोपणाची नळी रक्त घेतल्याबरोबर आठ-दहा वेळा हलकेच उलटी-सुलटी केली नाही, तर प्लेटलेटच्या गुठळ्या होतात आणि मशीन खोटाच कमी आकडा दाखवतं. मे महिन्यात ४५ अंशांत ती मोटरसायकलच्या डिकीतून गेली, तर लाल पेशीच फुटू शकतात. थंड डब्यातून न्यावी, बर्फाला न चिकटवता. आणि औषध थांबवण्याआधी एकदा रक्ताची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी.