गाळ, पाट आणि हिशेब: सुमेरच्या शहरांची पार्श्वभूमी

संस्कृती नदीकाठी जन्मली, हे वाक्य आपण शाळेतच घोकलेलं असतं. ते खोटं नाही, पण शेतीचा पत्ता त्यात चुकतो. गहू आणि जव माणसाने पहिल्यांदा पेरले ते पश्चिम आशियातल्या डोंगरपायथ्यांच्या पट्ट्यात, बहुतेक ठिकाणी पावसाच्या भरवशावर, इसवीसनपूर्व 8000 च्याही आधी. इराकच्या ईशान्येकडच्या टेकड्यांतलं जार्मो हे असंच एक जुनं जिरायती खेडं. शहरं उभी राहिली ती त्यानंतर काही हजार वर्षांनी, आणि तीही दक्षिण इराकच्या सपाट मैदानात, म्हणजेच जुन्या सुमेरमध्ये, जिथे वर्षाला 200 मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही.

अडचण पुराच्या वेळेची होती. इजिप्तमध्ये नाईलचा पूर उन्हाळ्याच्या अखेरीस चढायचा आणि पेरणीच्या तोंडावर ओसरायचा. ओली, गाळाने भरलेली जमीन आयती मिळायची. रब्बीला आणखी काय हवं? तैग्रिस आणि युफ्रेटिस या इराकच्या नद्यांचं नेमकं उलटं. वर डोंगरांत बर्फ वितळायचं आणि एप्रिल-मेमध्ये, म्हणजे जव कापणीला आलेला असताना, पाणी चढायचं. पेरणीच्या दिवसांत मात्र नदी तळाला गेलेली. त्यामुळे बांधही हवेत आणि पाटही. त्यात युफ्रेटिस इतका गाळ टाकते की तिचं पात्रच भोवतालच्या रानापेक्षा उंच होत जातं. पाणी उताराने काढून घेता येतं हे खरं, पण पाट सारखे बुजतात आणि काठ फुटला तर शिवारच वाहून जातं.

पाण्याचा कारभार सांभाळायलाच राजसत्ता निर्माण झाली, असा सिद्धांत इतिहासकार कार्ल विटफोगेल यांनी 1957 मध्ये मांडला. तो फार गाजला, पण जमिनीवर टिकला नाही. पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी इराकमधल्या जुन्या वस्त्या आणि पाट यांची पाहणी केली, तेव्हा सुरुवातीचे पाट लहान, गावकीला झेपतील असेच दिसले. सत्तेचं मूळ मला पाटापेक्षा कोठारात जास्त दिसतं. पाटाच्या पाण्यावर भिजणाऱ्या जमिनीत जव खाऊन उरेल इतका पिकत होता. तो साठवायचा, मोजायचा आणि वाटायचा कोणी, हा खरा प्रश्न होता. उरुक या सुमेरी शहरात इसवीसनपूर्व 3200 च्या सुमाराच्या मातीच्या पाट्या सापडल्या, त्यांतल्या बहुतेक शुद्ध कारकुनी आहेत: जव, मेंढ्या, बिअर, मजुरांचा शिधा. काव्य आणि स्तोत्रं लिहिली गेली ती बरीच नंतर.

मग बांधावरची भांडणंही आलीच. लगाश आणि उम्मा ही शेजारची दोन नगरं गुएदेना नावाच्या रानावरून पिढ्यान्‌पिढ्या लढली. किश या तिसऱ्या नगराचा राजा मेसिलिम याने हद्दीचा दगड रोवून दिला होता. लगाशच्या म्हणण्याप्रमाणे उम्माने तो उखडला. उम्माकडे जवाची व्याजासकट थकबाकी होती, असंही लगाशचे लेख सांगतात. (उम्माची बाजू फारशी हाती आलेली नाही, हे विसरू नये.) लगाशचा राजा एआन्नातुम याने इसवीसनपूर्व 2450 च्या सुमारास उम्मावरच्या आपल्या विजयाची शिळा कोरवून घेतली. शत्रूची मुंडकी घेऊन उडणारी गिधाडं तिच्यावर दिसतात; ती आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

पुढे बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यात, इसवीसनपूर्व 1750 च्या सुमारास, बांधाची हयगय हा गुन्हाच ठरला. एखाद्याने आळसाने बांध मजबूत केला नाही आणि तो फुटून शेजाऱ्यांची शेतं बुडाली, तर त्याने धान्य भरून द्यायचं. नसेल ऐपत, तर त्याला आणि त्याच्या चीजवस्तूंना विकून आलेली चांदी नुकसान झालेल्यांनी वाटून घ्यायची.

पाटाने धान्य दिलं, तसं मीठही वर आणलं. पाणी देत राहायचं आणि निचरा नाही, की भूजल चढतं आणि क्षार पृष्ठभागावर येतात. सांगली-कोल्हापूरकडच्या ऊस पट्ट्यात क्षारपड जमीन पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. प्राचीन सुमेरचे अभ्यासक थॉर्किल्ड याकोबसेन आणि अ‍ॅडम्स यांनी 1958 मध्ये दाखवलं, की दक्षिण इराकमध्ये इसवीसनपूर्व 3500 च्या सुमारास गहू आणि जव जवळपास सारखे होते. 2500 पर्यंत गहू सहाव्या हिश्श्यावर आला आणि 1700 पर्यंत जवळजवळ नाहीसा झाला. जव क्षार जास्त सोसतो. सुमेर ढासळण्याचं कारण मीठच, हा त्यांचा निष्कर्ष सगळ्यांना पटलेला नाही. आक्षेप घेणारे सांगतात की तिथला शेतकरी एक वर्षाआड जमीन पड ठेवायचा, म्हणजे क्षार खाली घालवण्याचा उपाय त्याला ठाऊक होता.