खानदेशी विनोदी मालिका : पहिल्या पर्वाची निर्मिती

खानदेशातील कलावंतांनी स्वतःच्या गावात, एक घर किंवा एक आळी धरून भागाभागाने रचलेली विनोदी मालिका. दर भागात पेच नवा, माणसे तीच आणि शेवटी सगळे पुन्हा जागच्या जागी, हा या प्रकाराचा साचा वाचकांच्या परिचयाचा असल्याने येथे त्याचा विस्तार केलेला नाही. पात्रे, जागा, बोली आणि चित्रीकरणाचा वार ज्या टप्प्यात ठरून जातात, त्या पहिल्या पर्वाच्या निर्मितीचा विचार प्रस्तुत नोंदीत मुख्यतः केला आहे. पुढची पर्वे सहसा याच ठरलेल्या चौकटीत चालतात.

या निर्मितीचे सर्वांत जुने व ठळक केंद्र मालेगाव. ते खानदेशात धरावे की नाही, याविषयी मतभेद आहेत. आजच्या प्रशासकीय रचनेत मालेगाव नाशिक जिल्ह्यात येते आणि धुळे, जळगाव व नंदुरबार एवढ्यांनाच खानदेश म्हणण्याचा प्रघात आहे. मात्र १८१८ मध्ये इंग्रजांनी मालेगावचा किल्ला घेतल्यानंतर हा मुलूख खानदेश जिल्ह्यातच होता. मालेगाव, बागलाण व नांदगाव हे तालुके १८६९ मध्ये नव्या नाशिक जिल्ह्याकडे गेले. पूर्व व पश्चिम खानदेश अशी विभागणी १९०६ ची, म्हणजे त्यानंतरची आहे. कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यातील खेड्यांची बोली अहिराणीच आहे, आणि मालेगावचे कलावंत आपल्या कामाला ‘खानदेशी’ म्हणूनच ओळख देतात. त्यामुळे जिल्ह्याच्या हद्दीपेक्षा बोली व व्यवहाराचा निकष येथे अधिक सोयीचा मानला आहे.

उगमाविषयी तीन मते मांडली जातात. पहिल्या मतानुसार या मालिकांचे मूळ लोकरंगभूमीत आहे. खानदेशी तमाशातील सोंगाड्या, बागलाण व डांग भागातील सोंगांचे उत्सव, भारुडे आणि वहीगायन (खानदेशातील लोकगायनाचा एक प्रकार) यांतील हजरजबाबी संवाद मालिकांत उतरले, असे हे मत सांगते. त्याला आधार आहे, पण तो मुख्यतः अहिराणी मालिकांपुरता. सोंगाड्याची उलटउत्तरे, मुद्दाम चुकीचे ऐकणे, पाटलाची फजिती हे तेथे सहज ओळखू येते. मालेगावच्या हिंदी-उर्दू मिश्रित विनोदाला हे मत लावताना ओढाताण होते, कारण तेथील हौशी लेखकांची जडणघडण मुशायऱ्यांच्या व उर्दू वृत्तपत्रांच्या वातावरणात झालेली दिसते.

दुसरे मत दूरदर्शनकडे बोट दाखवते. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशी यांच्या चिमणराव व गुंड्याभाऊ या जोडीवरची मालिका त्यावर गाजली. हिंदीत ‘ये जो है जिंदगी’ १९८४ मध्ये आली. याच सुमारास लघुशक्ती प्रक्षेपकांची साखळी देशभर उभी राहून जिल्ह्याच्या गावी दूरचित्रवाणी पोचू लागली. त्यामुळे कौटुंबिक विनोदी मालिकेची ओळख खानदेशातील प्रेक्षकांना दूरदर्शननेच करून दिली, हे मान्य करावे लागते. प्रेक्षक घडणे आणि निर्माते घडणे या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत. सदाशिव पेठी बैठकीच्या खोलीतला विनोद पाहून मालेगावात कोणी कॅमेरा उचलला असेल, हे संभवत नाही.

तिसरे मत व्हिडिओ पार्लरचे (फितीवरचे चित्रपट पैसे घेऊन दाखवणाऱ्या छोट्या जागेचे) आहे आणि उपलब्ध वृत्तांताशी तेच अधिक जुळते. नासिर शेख हे मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवत. हिंदी व परदेशी चित्रपट पुन्हा पुन्हा पाहताना दृश्यांची मांडणी त्यांच्या लक्षात आली आणि लग्नाच्या चित्रीकरणाच्या साधनांवर त्यांनी ‘मालेगाव के शोले’ हा विडंबनपट तयार केला. त्याचा काळ सामान्यतः १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून २००० पर्यंत धरला जातो आणि खर्च सुमारे ५० हजार रुपये सांगितला जातो. मूळ चित्रपटातील घोड्यांच्या जागी सायकली आणि रेल्वेच्या जागी बस आली. पुढे आलेल्या ‘मालेगाव का सुपरमॅन’मध्ये यंत्रमाग कामगार शफीक शेख यांनी नायकाची भूमिका केली. हाडकुळ्या अंगावर सुपरमॅनचा पोशाख आणि चड्डीचा लोंबता नाडा हे त्यांचे रूप फैजा अहमद खान यांच्या माहितीपटामुळे खानदेशाबाहेरही पोचले. शफीक यांचा पुढे कर्करोगाने मृत्यू झाला. विनोदी मालिका बनवणारे पुढचे संच याच मंडळींतून किंवा त्यांच्या आगेमागे तयार झाले.

निर्मितीची रीत ही तीन बंधनांतून घडली: आवाज, वार आणि नट्या.

आवाज हे पहिले बंधन. जुन्या शटलच्या यंत्रमागाचा आवाज मागाजवळ ९० डेसिबलच्या वर जातो आणि मालेगावच्या कितीतरी वस्त्यांत माग घरालाच लागून असतात. कॅमेऱ्यावरच्या माइकवर अशा ठिकाणी संवाद टिपले, तर नटाच्या ओठांची हालचाल दिसते आणि कानी येते ती मागाची खडखड. यावर मार्ग दोनच: संवाद नंतर बंद खोलीत ध्वनिमुद्रित करून बसवणे किंवा संवादच कमी ठेवणे. पहिल्या मार्गात ओठ आणि शब्द जुळवायला वेळ जातो. दुसऱ्यात विनोदाचा सगळा भार अंगावर येतो: पडणे, घसरणे, चेहरा वाकडा करणे, हातातली वस्तू भलत्याच कामाला लावणे. खानदेशी विनोदातील आंगिक अभिनयाचे श्रेय चॅप्लिन, कीटन या मूकपटांतील विनोदी नटांच्या अनुकरणाला देण्याची पद्धत आहे. पार्लरमध्ये ते चित्रपट पाहिले जात, हे खरे. तरी मागाच्या खडखडाटाने हे अनुकरण सक्तीचे केले, असे म्हणायला जागा आहे.

संकलनाचा मुद्दा याला जोडूनच येतो. संगणक हाती येण्यापूर्वी दोन व्हीसीआर जोडून संकलन केले जाई. एका यंत्रात चित्रित फीत, दुसऱ्यात कोरी. हवा तो तुकडा येताच एकावर चालू आणि दुसऱ्यावर मुद्रण, अशी बटणे दाबायची. बोट क्षणभर उशिरा पडले की दृश्याच्या तोंडाशी नको असलेल्या चौकटी (फ्रेम) राहतात. भारतात वापरल्या जाणाऱ्या पाल (PAL) या व्हिडिओ पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी असल्याने अर्ध्या सेकंदाचा उशीर म्हणजे बाराएक चौकटी, आणि विनोदात तेवढ्याने हशा हुकतो. शिवाय फितीवरून फितीवर प्रत उतरवताना दर पायरीला चित्र मवाळ होते. तिसऱ्या पायरीपर्यंत लाल रंग कडेने फुटू लागतो. त्यावर शीर्षके, पार्श्वसंगीत आणि नंतर भरलेले संवाद चढवायचे, म्हणजे पायऱ्या वाढणारच. त्यामुळे दृश्य शक्यतो चित्रीकरणाच्या क्रमानेच कापावे, एकाच दमात घ्यावे आणि संकलनाला कमी काम ठेवावे, ही सवय लागली. साधने बदलल्यावरही ती गेली नाही. कोऱ्या मेमरी कार्डावर कितीही चित्रित करता येत असताना लांब दृश्य एकाच कोनातून घेण्याची पद्धत पुष्कळ मालिकांत दिसते, ती बहुधा याच काळाची खूण असावी.

अमेरिकेत कौटुंबिक विनोदी मालिकेचे तंत्र याच्या अगदी उलट दिशेने वाढले. तेथे १९५१ मध्ये सुरू झालेल्या ‘आय लव्ह लूसी’साठी छायाचित्रकार कार्ल फ्रॉइंड यांनी तीन कॅमेरे एकाच वेळी चालवून, समोर बसलेल्या प्रेक्षकांपुढे चित्रीकरण केले. हशा जागेवरच मुद्रित झाला. खानदेशात कॅमेरा एक आणि प्रेक्षक कुंपणावर, ओट्यावर व गच्चीवर. त्यांना गप्प ठेवणे हेच दिग्दर्शकाचे मोठे काम, आणि त्यांचा हशा ध्वनिपट्टीवर नको असतो.

दुसरे बंधन वाराचे. मालेगावचे यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात. कलावंतांपैकी बरेच जण मागावर, कटलरीच्या गाडीवर, हॉटेलात किंवा छायाचित्रणाच्या दुकानात कामाला, त्यामुळे पूर्ण संच मिळण्याचा हमखास दिवस तोच. त्याच दिवशी खडखडही थांबते. मात्र जुम्याच्या नमाजासाठी दुपारचा मधला वेळ सोडावा लागतो आणि दिवसाचे काम दोन तुकड्यांत वाटले जाते. सकाळच्या व संध्याकाळच्या सावल्या जुळत नाहीत, म्हणून एक प्रसंग शक्यतो एकाच तुकड्यात संपवण्याकडे कल असतो. राज्यात वीजकपात जोरात होती त्या वर्षांत यात बॅटरी चार्ज करण्याची अडचण वाढली. पहिल्या पर्वात वेशभूषेची सलगता बिघडण्याचे कारणही आठवड्याच्या या खंडात सापडते: आधीच्या शुक्रवारी दाढी असलेला जावई पुढच्या शुक्रवारी सफाचट येतो, आणि मग संवादातच न्हाव्यावर एक कोटी घालून वेळ मारून नेली जाते.

तिसरे बंधन नट्यांचे. मालेगावातील स्थानिक स्त्रिया कॅमेऱ्यासमोर येत नसत आणि विडंबनपटांसाठी नट्या बाहेरगावाहून आणल्या जात. एका चित्रपटाला हे परवडते. मालिकेत तीच बायको, तीच सासू दर भागात लागते, म्हणजे प्रवासखर्च दर खेपेला आला. परिणामी मालेगावच्या मालिकांतले घर बरेचसे घराबाहेर वसले. गल्ली, टपरी, गॅरेज, शेताचा बांध ही स्थळे आणि धंद्यावरून बेतलेली कथानके पुढे आली: आज नायक ट्रॅक्टरवाला, उद्या पाणीपुरीवाला. कुटुंब आहे, पण ते मामा, भाचा, शेजारी, उधारी मागणारा दुकानदार असे पुरुषांचेच. हा बदल कथेच्या गरजेतून झाला असे क्वचित म्हटले जाते, पण खर्चाचे कारण अधिक पटण्याजोगे आहे.

दूरचित्रवाहिनीवर या परंपरेचा सर्वांत ठळक प्रवेश सब वाहिनीवरील ‘मालेगाव का चिंटू’ या मालिकेने झाला. ती साधारण २०१० च्या सुमाराची, जवळजवळ संवादरहित, अंगविक्षेपांवर चालणारी होती. संवाद टाळण्याची वर सांगितलेली रीत येथे उपयोगी पडली, कारण मालेगावची बोली देशभरच्या प्रेक्षकांना कळेल का, हा प्रश्नच उरला नाही. वाहिनीसाठी काम म्हणजे अर्ध्या तासाच्या वेळेत जाहिराती वगळून बावीसएक मिनिटांचा भाग. विडंबनपट रेंगाळला तरी गावचा प्रेक्षक सांभाळून घेई, ती मुभा येथे नसते.

भागांच्या संख्येबाबत तेराचा आकडा खानदेशातही कानावर येतो. तो दूरदर्शनच्या प्रायोजित मालिकांचा: तेरा आठवडे म्हणजे वर्षाचा चतुर्थांश, आणि मंजुरी तेराच्या पटीत मिळे. इंटरनेटवर टाकायच्या मालिकेला अशी मंजुरी लागत नसतानाही पहिले पर्व दहा-तेरा भागांचे योजण्याची पद्धत टिकून आहे. पूर्ण संहिता मात्र आधी तयार नसते. दोन-तीन भाग लिहून चित्रित करायचे, लोक कोणत्या पात्राला हसतात ते पाहायचे आणि पुढचे त्या पात्राभोवती लिहायचे, असा क्रम चालतो. दुय्यम म्हणून आणलेले पात्र पर्वाच्या मध्यात मालिकेचा नायक होऊन बसते ते यामुळे.

यूट्यूबच्या काळात मालेगावच्या विनोदाला सर्वाधिक प्रेक्षक मिळवून दिले ते ‘छोटू दादा’ या पात्राने. ही भूमिका करणारे शफीक नाट्या हे ठेंगण्या बांध्याचे कलावंत, आणि त्यांच्या काही भागांना कोट्यवधी दर्शक लाभले आहेत. मूळ विडंबनपटांकडे पुन्हा लक्ष वेधले ते रीमा कागती दिग्दर्शित ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ या २०२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या हिंदी चित्रपटाने.

अहिराणी मालिकांची धारा वेगळी. धुळे, जळगाव, नंदुरबार व कसमादे येथील हे संच बहुधा एकाच नात्यागोत्यातले, त्यामुळे स्त्रीपात्रांची अडचण त्यांना तितकी जाणवत नाही. सासू-सून, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेली लेक, तिला न्यायला आलेला जावई ही त्यांची नेहमीची सामग्री. येथे घर खरोखर घरातच असते: चुलीवर कळण्याची भाकरी, ताटात भरीत किंवा शेवभाजी, आणि ‘तुले काय करनं शे?’ म्हणत दारातून आत येणारी सासू. भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या १९०७ च्या खंडात खानदेशीला (म्हणजे अहिराणीला) भिली भाषांबरोबर ठेवले, तर मराठी अभ्यासकांपैकी अनेकांनी ती मराठीचीच बोली मानली. मालिकांतील भाषा पाहता दुसऱ्या मताकडे झुकावेसे वाटते, कारण तलाठी, मास्तर किंवा शहरातून आलेला पाहुणा ही पात्रे सर्रास प्रमाण मराठीत बोलतात, घरातली अहिराणीत उत्तर देतात आणि कोणालाही दुभाष्या लागत नाही. जळगाव-भुसावळ पट्ट्यातील लेवा गणबोलीच्या (लेवा पाटीदार समाजाच्या बोलीच्या) मालिका याच प्रकारच्या असल्या, तरी बोलीच्या दृष्टीने त्या स्वतंत्र धरणे योग्य.