किम्बो स्लाइसची हवा आणि चौदा सेकंद

एमएमएमध्ये, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळे चालणाऱ्या मिश्र लढतींच्या खेळात, एखाद्या नवख्याची दोन-तीन लढतींतच हवा होते आणि पहिल्या पराभवानंतर तेच चाहते त्याला भंपक ठरवतात. हे काही आजचे नाही. ब्राझीलच्या ग्रेसी कुटुंबाने आपलीच शैली श्रेष्ठ असा दावा करत, कोणत्याही शैलीच्या लढवय्याला खुले आव्हान देत नाव कमावले. १९९३ साली डेन्व्हरला झालेली पहिली यूएफसी ही एमएमए स्पर्धा त्याच आव्हानातून उभी राहिली. त्याच कुटुंबातल्या रॉईस ग्रेसीने मात्र एका रात्रीत तिघांना हरवून तो दावा खरा करून दाखवला होता.

केविन फर्ग्युसन ऊर्फ किम्बो स्लाइसच्या बाबतीत क्रम उलटा झाला. बहामात जन्मलेला, मायामीत वाढलेला हा दाढीवाला धिप्पाड माणूस कधी बाउन्सर, कधी अंगरक्षक म्हणून काम करायचा. घरांच्या परसात, उघड्या मुठींनी केलेल्या त्याच्या मारामाऱ्यांचे व्हिडिओ इंटरनेटवर पसरले आणि एकही व्यावसायिक लढत न खेळता तो जगभर माहीत झाला. २००४ मध्ये बोस्टनच्या एका पोलिसाने त्याला अशाच मारामारीत हरवले होते. तोही व्हिडिओ लोकांनी पाहिला, तरी किम्बोचे वलय कमी झाले नाही.

त्याने पहिली व्यावसायिक एमएमए लढत २००७ च्या नोव्हेंबरात, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी खेळली. ३१ मे २००८ रोजी सीबीएसने अमेरिकेच्या मोठ्या वाहिन्यांवर प्रथमच संध्याकाळच्या मोक्याच्या वेळी एमएमए दाखवले, तेव्हा लढती भरवणाऱ्या एलिटएक्ससी या कंपनीने मुख्य लढत त्यालाच दिली. कारकिर्दीतली तिसरीच लढत! जेम्स थॉम्पसनने त्याला जमिनीवर दाबून पुरते दमवले. किम्बो तिसऱ्या फेरीत जिंकला, पण जमिनीवरच्या खेळातले त्याचे कच्चेपण सगळ्यांना दिसले होते.

४ ऑक्टोबर २००८ रोजी फ्लोरिडात त्याची गाठ केन शॅमरॉक या जुन्या नामांकित लढवय्याशी होती. त्याच दिवशी शॅमरॉकच्या डोळ्यावर जखम झाली, म्हणून सुरुवातीच्या एका लढतीसाठी आलेल्या सेथ पेट्रुझेलीला ऐनवेळी समोर उभे केले. त्याने चौदा सेकंदांत किम्बोला संपवले. आपण किम्बोला जमिनीवर न नेता उभ्यानेच लढावे अशी आयोजकांची इच्छा होती, असे पेट्रुझेली नंतर रेडिओवर बोलला आणि चौकशी लागली. तीत गैरप्रकार आढळला नाही, पण त्याच महिन्यात एलिटएक्ससीला टाळे लागले.

या सगळ्यात हसे झाले ते किम्बोचे, आणि ते मला अन्यायाचे वाटते. एका शिकाऊ लढवय्याच्या खांद्यावर अख्खी कंपनी उभी करण्याचा निर्णय त्याचा नव्हता. पुढच्याच वर्षी तो ‘द अल्टिमेट फायटर’ या यूएफसीच्या टीव्ही स्पर्धेच्या कार्यक्रमात नवोदितांच्या रांगेत जाऊन बसला, रॉय नेल्सनकडून हरला आणि तरीही खेळत राहिला. शॅमरॉकशी राहिलेली लढत अखेर २०१५ मध्ये झाली. ती किम्बोने पहिल्याच फेरीत जिंकली. जून २०१६ मध्ये, ४२ व्या वर्षी त्याचे निधन झाले.