इन्कम्बंट : अर्थ आणि हिंदी प्रतिशब्द

इन्कम्बंट म्हणजे आजच्या घडीला त्या पदावर जो बसलेला आहे तो. निवडून आला असो की नेमणुकीने, काम चांगलं करतो की नुसता दिवस ढकलतो, याच्याशी ह्या शब्दाला काही देणंघेणं नाही, खुर्ची आत्ता कोणाकडे एवढंच तो सांगतो. उच्चारताना जोर मधल्या 'कम'वर येतो. इन्कमशी याचं काहीही नातं नाही हे आधीच सांगितलेलं बरं, कारण ऐकून बऱ्याच जणांना तसं वाटतं.

मूळ लॅटिन 'इन्कम्बेरे', म्हणजे टेकणं, अंगाचा भार टाकणं. सकम्ब आणि इन्क्युबेट हे पण त्याच घराण्यातले. इंग्लिशमध्ये हा शब्द पंधराव्या शतकाच्या सुमारास आला तो राजकारणात नव्हे तर चर्चमध्ये, एखाद्या पॅरिशची (म्हणजे एका चर्चच्या हाताखालच्या परिसराची) जागा आणि तिचं उत्पन्न ज्या पाद्र्याच्या ताब्यात असेल तो इन्कम्बंट. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये व्हिकार किंवा रेक्टरला आजही हेच म्हणतात. मंत्री, आमदार, अध्यक्ष वगैरे मंडळी नंतर आली.

आता हिंदीचं. हिंदीत याला एकच एक शब्द नाही आणि डिक्शनरीत दिसेल तो पहिला उचलला की वाक्य बिघडतं. सरकारी कागदात 'पदधारी' चालतो, आणि तो घटनेच्या भाषेशी जुळतो पण, कारण घटनेच्या हिंदी पाठात 'होल्ड ऑफिस'ला सगळीकडे 'पद धारण करना' असंच आहे, उदाहरणार्थ कलम 75 मध्ये मंत्री राष्ट्रपतींच्या 'प्रसादपर्यंत अपने पद धारण करेंगे', म्हणजे त्यांची मर्जी असेपर्यंत पदावर राहतील. 'पदस्थ' हा बदली-पोस्टिंगवाला शब्द, अमुक ठाण्यात अमुक निरीक्षक पदस्थ आहेत अशा बातम्या मध्य प्रदेशकडे रोज छापून येतात. 'पदासीन' जरा भारदस्त, राष्ट्रपती-राज्यपालांना शोभणारा. 'सत्तारूढ़' फक्त पक्षाला किंवा सरकारला लावायचा, एखाद्या क्लार्कला सत्तारूढ म्हटलं तर लोक हसतील. आणि रोजच्या बोलण्यात किंवा पेपरात सरळ 'मौजूदा', मौजूदा विधायक, मौजूदा सांसद, यात चूक व्हायचा चान्स सगळ्यात कमी. मराठीत याच जागी 'विद्यमान' बसतो.

खरा घोळ 'निवर्तमान'चा आहे. कित्येक ठिकाणी इन्कम्बंटचा अर्थ म्हणून तोच दिलेला सापडतो, पण निवर्तमान म्हणजे जो निघण्याच्या बेतात आहे तो, मराठीत ज्याला आपण मावळते म्हणतो. टर्मच्या मध्यावर असलेल्या आमदाराला निवर्तमान विधायक म्हणणं म्हणजे त्याला दोन अडीच वर्षं आधीच घरी पाठवणं झालं. दोन्ही शब्द एकाच माणसाला लागू पडतात असाही काळ असतो, अमेरिकेत नोव्हेंबरमध्ये दुसरा कोणी अध्यक्ष निवडून आला तरी 20 जानेवारीपर्यंत जुनाच पदावर राहतो, तेव्हा तो इन्कम्बंट पण आणि निवर्तमान पण. पूर्वी ही तारीख 4 मार्च होती, 1933 च्या विसाव्या घटनादुरुस्तीने ती अलीकडे आणली. आपल्याकडे कलम 56 प्रमाणे राष्ट्रपतींची मुदत पाच वर्षांची, पण ती संपली तरी उत्तराधिकारी पद घेईपर्यंत तेच पदावर राहतात, म्हणजे नुसती कॅलेंडरची तारीख उलटली म्हणून इन्कम्बन्सी संपत नाही.

भारतात हा शब्द घराघरात पोचला तो उलट्या रूपाने, अँटी-इन्कम्बन्सी. हिंदी चॅनेलवाले 'सत्ता विरोधी लहर' म्हणतात, मराठीत कोणी प्रस्थापितविरोधी लाट लिहितं पण बोलताना इंग्लिशच वापरतात. अमेरिकेत प्रतिनिधीगृहाचे विद्यमान सदस्य पुन्हा उभे राहिले की बहुतेक वेळा दहातले नऊ निवडून येतात, आपल्याकडे असं गृहीत धरता येत नाही. 1977 ला इंदिरा गांधी पंतप्रधान असताना रायबरेलीत राजनारायण यांच्याकडून हरल्या. 2013 ला शीला दीक्षित सलग तीन टर्म मुख्यमंत्री राहून नवी दिल्लीच्या जागेवर केजरीवालांकडून पडल्या आणि 2025 ला त्याच जागेवर केजरीवाल पडले, तोवर मुख्यमंत्रीपद त्यांनी सोडलं होतं पण आमदार तेच होते. पण हा काही नियम नाही, पश्चिम बंगालमध्ये डावी आघाडी 1977 पासून 2011 पर्यंत 34 वर्षं टिकली, ओडिशात नवीन पटनाईक 2000 पासून 2024 पर्यंत. केरळमध्ये दर निवडणुकीला सरकार बदलायची सवय चार दशकं होती, ती 2021 ला मोडली. त्यामुळे निकाल उलटा लागला की अँटी-इन्कम्बन्सीचं लेबल चिकटवून मोकळं होणं हा थोडा आळशीपणाच आहे.

महाराष्ट्रात इन्कम्बंट पेक्षा 'सिटिंग' जास्त चालतो, सिटिंग आमदार, सिटिंग खासदार. युतीच्या जागावाटपात 'सिटिंग-गेटिंग' म्हणतात ते हेच, ज्या पक्षाचा माणूस तिथे आत्ता निवडून आलेला आहे त्यालाच ती जागा मिळणार.

सरकारी ऑफिसात साहेबाच्या खुर्चीमागे लाकडी बोर्ड असतो बघा, अनुक्रमांक, नाव, पासून, पर्यंत असे रकाने, पांढऱ्या रंगात रंगवलेली नावं आणि शेवटच्या नावापुढे 'पर्यंत'चा रकाना रिकामा. तो इन्कम्बन्सी बोर्ड. रिकामा रकानावाला तो इन्कम्बंट, बाकी सगळे 'पूर्व', म्हणजे मराठीत माजी.

विशेषण म्हणून 'अपॉन' लागलं की अर्थ पूर्णच बदलतो. 'इट इज इन्कम्बंट अपॉन यू' म्हणजे हे करणं तुमच्यावर बंधनकारक आहे, तुमचं कर्तव्य आहे, इथे पदाचा विषयच नाही. हिंदीत 'यह आपका कर्तव्य है' किंवा जरा उर्दू वळणाने 'आप पर लाज़िम है', पदधारी इथे चुकूनही घालायचा नाही. मशीन ट्रान्सलेशनवर विसंबून राहिलं तर नेमका इथेच फटका बसू शकतो.

धंद्यात इन्कम्बंट म्हणजे बाजारात आधीपासून पाय रोवून बसलेली कंपनी, अमेरिकेच्या 1996 च्या टेलिकॉम कायद्यात जुन्या लोकल फोन कंपन्यांना हाच शब्द लावलाय, हिंदीत 'स्थापित कंपनी' म्हटलं की भागतं. वनस्पतीशास्त्रात मोहरीच्या कुळातल्या बियांबद्दल येतो, मूलांकुर (बीतलं कोवळं मूळ) बीजपत्राच्या (बीतल्या पहिल्या पानाच्या) पाठीला टेकलेला असेल तर ती रचना इन्कम्बंट, म्हणजे इथे लॅटिनचा टेकण्याचा अर्थ जसाच्या तसा राहिलाय. आणि परदेशी बँकेत कंपनीचं खातं उघडताना इन्कम्बन्सी सर्टिफिकेट मागतात, त्यात सध्याचे डायरेक्टर कोण, सहीचा अधिकार कोणाला हे लिहिलेलं असतं, याला हिंदीतही बहुतेक जण इंग्लिश नावानेच ओळखतात.