मॅरेथॉन (टेक्सस)

मॅरेथॉन : अमेरिकेच्या टेक्सस राज्यातील ब्रूस्टर काउंटीत, चिवावा वाळवंटाच्या उत्तर अंगाला असलेले रँचवाल्यांचे, म्हणजे विस्तीर्ण कुरणांवर गुरे पाळणाऱ्यांचे, गाव. वस्ती सु. ४००, समुद्रसपाटीपासून उंची सु. १,२०० मी. पूर्व-पश्चिम धावणारा हायवे ९० आणि उत्तर-दक्षिण धावणारा हायवे ३८५ इथे एकमेकांना मिळतात. काउंटीचे मुख्य गाव अल्पाइन पश्चिमेला ५० किमी.वर आहे, उत्तरेचे फोर्ट स्टॉकटन आणि पूर्वेचे सँडरसन प्रत्येकी ९० किमी.च्या आसपास. ब्रूस्टर काउंटी कनेटिकट या अख्ख्या राज्याहून मोठी आहे आणि तिची लोकसंख्या १०,००० च्या आत. मॅरेथॉनला नगरपालिका नाही, महापौर नाही. भोवतालच्या लाखो एकर कुरणांचे दुकान, टपाल कार्यालय, शाळा आणि पेट्रोलपंप म्हणजे हे गाव. ते लहान का राहिले, याचे उत्तरही त्या कुरणांतच आहे.

गावाच्या दक्षिणेला एक बारमाही झरा आहे. मेक्सिकोत धाडी घालायला जाणाऱ्या कोमांची या मूळ अमेरिकी जमातीच्या टोळ्यांची वाट या पाण्यावरून जाई. १८७९ मध्ये अमेरिकी लष्कराने इथे पेन्या कोलोराडो हे ठाणे उभारले आणि १८९३ मध्ये ते सोडले. मधल्या काळात, १८८२ मध्ये, रेल्वे आली. रेल्वेच्या कामावर असलेल्या अल्बियन शेपर्ड या माजी दर्यावर्दी कप्तानाला इथला मुलूख ग्रीसमधल्या मॅरेथॉनसारखा वाटला, म्हणून हे नाव. रेल्वेमुळे गुरे थेट बाजारात धाडता येऊ लागली आणि रँचवाले पाठोपाठ आले. त्यांतला सर्वांत मोठा आल्फ्रेड गेज. व्हरमाँटहून आलेल्या या माणसाने पुढे सु. ५ लाख एकरांची रँच उभी केली. गुरांच्या खरेदीविक्रीसाठी आलेल्यांना उतरायला जागा असावी म्हणून त्याने १९२७ मध्ये एल पासोचे वास्तुशिल्पी हेन्री ट्रॉस्ट यांच्याकडून गेज हॉटेल बांधून घेतले. पुढच्याच वर्षी तो वारला. विसाव्या शतकाच्या आरंभी ग्वायुली या रानझुडपापासून रबर काढणारा कारखानाही गावात होता. झुडपे उपटून नेण्याचा वेग त्यांच्या वाढीपेक्षा कितीतरी जास्त होता, तेव्हा तो धंदा टिकणे शक्यच नव्हते.

पाच लाख एकर ऐकून डोळे विस्फारतात, पण इथे जमिनीचा हिशेब गवतावर होतो. वर्षाकाठी पाऊस सु. ३५ सेंमी., तोही बहुतेक जुलै ते सप्टेंबरमध्ये, आणि एका डोंगराला भिजवून शेजारच्याला कोरडे ठेवणारा. ग्रामा जातीचे गवत कसदार असले तरी विरळ असते. एक गाय आणि तिचे वासरू वर्षभर जगवायला ४० एकरांहून अधिक रान लागते, कोरड्या भागात त्याच्या दुप्पट. दोनशे गाईंवर एक कुटुंब जेमतेम चालते. म्हणजे एका चुलीमागे ८,००० एकर किंवा त्याहून जास्त. इतक्या विरळ चुलींना मोठे गाव पोसता येत नाही. अतिचराई झाली की ग्रामा हटते आणि मेस्किट व क्रिओसोट ही झुडपे माजतात. महाराष्ट्रात माळरानांवर पसरलेली वेडी बाभूळ ही या मेस्किटचीच सख्खी जातभाईण, अमेरिकेतूनच आलेली.

गवताइतकेच पाणी मोलाचे. गाय पाण्यापासून फार लांब चरत नाही. म्हणून जिथे पाणवठा नाही तिथले गवत असून नसल्यासारखे. रँचवाल्याचे निम्मे आयुष्य पवनचक्कीभोवती जाते. शेकडो फूट खोल बोअरमधल्या पंपाला चामड्याचे वायसर असतात. ते झिजले की पाते फिरत राहते, पण हौदात धार पडत नाही. मग लोखंडी दांड्यांची अख्खी माळ एकेक तुकडा सोडवत वर ओढायची, वायसर बदलायचे आणि पुन्हा खाली सोडायची. भर उन्हाळ्यात हौद कोरडा राहिला तर एक-दोन दिवसांत गुरे दगावू लागतात, त्यामुळे हौदांची फेरी चुकवून चालत नाही. आता बऱ्याच ठिकाणी सौर पंप बसले आहेत. फेरी मात्र सुटलेली नाही.

वसंतात वासरांना डाग देण्याचे, म्हणजे तापल्या लोखंडाने मालकीची खूण उठवण्याचे, काम असते. वासराला दोर टाकून आडवे करतात. एक जण डागणी लावतो, दुसरा लस टोचतो, तिसरा गोऱ्ह्यांना खच्ची करतो. यासाठी शेजारी मजुरी न घेता येतात आणि त्यांच्या पाळीला आपण जायचे असते. इर्जिकीची पद्धत जाणणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. घोडा, दोर आणि खोगीर हाताळण्याचे हे सारे कसब मेक्सिकन गुराख्यांकडून, वाकेरोंकडून, आले. रँचवरची कष्टाची कामेही बव्हंशी त्यांनीच केली. रँचच्या फाटकावर मात्र मालकाचेच नाव राहिले, हे नोंदवायलाच हवे.

१९५० च्या दशकातला सात वर्षांचा दुष्काळ इथल्या घराघरांत अजून सांगितला जातो. गवत संपले की निवडुंग हा शेवटचा चारा. पाठीला इंधनाची टाकी अडकवून फुंकणीसारख्या नळीतून निघणाऱ्या जाळाने निवडुंगाचे काटे फडाफडा जाळायचे, मग गुरे ती हिरवी फडी खातात. त्या जाळाचा घुर्रर आवाज ओळखीचा झाला की कळप दुरून धावत येतो.

गावातली माणसे कमी होण्यामागे दुष्काळाइतकाच एका माशीच्या नायनाटाचा हात आहे. स्क्रूवर्म माशी जखमेत किंवा नव्या वासराच्या ओल्या बेंबीत अंडी घालते आणि अळ्या जिवंत मांस खातात. त्यासाठी गुराख्यांना रोज रान पालथे घालून एकेक जनावर तपासावे लागे. किरणोत्सर्गाने निर्बीज केलेले नर कोट्यवधींच्या संख्येने सोडून १९६० च्या दशकात ही माशी आटोक्यात आणली गेली. इतके गुराखी मग लागेनात. हरणांची पाडसेही वाचू लागली, हरणे वाढली आणि आपल्या रानात शिकार करण्याची मुभा विकणे हा रँचचा जोडधंदा झाला.

रोजचे जगणे अंतरांनी बांधलेले आहे. रुग्णालय अल्पाइनला, आग लागली तर धावून जाणारे गावातलेच स्वयंसेवक. प्रवासी रेल्वे गावातून जाते पण थांबत नाही. शाळा इतकी लहान की सगळे वर्ग मिळून मुले बोटांवर नाही, तरी सहज मोजता येतील. पश्चिम टेक्ससमधल्या अशा शाळा अकराऐवजी सहा खेळाडूंचे अमेरिकन फुटबॉल खेळतात, मैदानही आखूड आखतात, आणि सामन्याला अख्खे गाव लोटते. हायवेवर समोरून येणारा चालक स्टिअरिंगवरचे एक बोट उचलून रामराम करतो. बंद पडलेली गाडी दिसली की थांबणे हा इथला अलिखित नियम आहे, कारण मागून दुसरी गाडी कधी येईल याचा नेम नसतो.

दक्षिणेला १९४४ मध्ये बिग बेंड राष्ट्रीय उद्यान झाले आणि मॅरेथॉन त्याचे दार बनले. ह्यूस्टनच्या जे. पी. ब्रायन यांनी १९७८ मध्ये गेज हॉटेल विकत घेऊन त्याचा जीर्णोद्धार केला. २०२२ मध्ये हा सारा प्रदेश मेक्सिकोच्या लगतच्या भागासह आंतरराष्ट्रीय कृष्णाकाश राखीव क्षेत्र, म्हणजे रात्रीचे आकाश दिव्यांच्या उजेडापासून जपलेला प्रदेश, ठरला. आज गावाचा पैसा गुरांपेक्षा हायवेवरून जास्त येतो. यात गावाचे भले आहे, पण त्याची किंमत जमिनीत मोजावी लागते. शहरातले धनिक निसर्ग आणि शिकार यांसाठी रँच घेतात, आणि त्यांनी चढवलेला एकरी भाव वासरे विकून कधीच फिटत नाही. वारसांच्या वाटण्या झाल्या की विकणे सोपे होते, तरुणाला नव्याने रँच उभी करणे अशक्य. काही नवे मालक शेजाऱ्याला चराई भाड्याने देतात. तिथे निदान पाणवठे चालू राहतात आणि डागणीच्या दिवसांत शेजारीपाजारी मदतीला उरतात.