उभी शिळा

एकच लांबट दगड, बूड जमिनीत पुरून उभा केलेला. महापाषाण (बृहदश्म) परंपरेत, म्हणजे मृतांसाठी मोठे दगड रोवण्याच्या वा रचण्याच्या चालीत, उभ्या शिळेची गणना होते. दगड सहसा घडवीत नाहीत. निघेल तसा आणतात, खड्ड्यात उभा करतात आणि बुडाशी लहान दगड ठोकून पक्का करतात. तेलंगणात कृष्णेकाठी मुडुमल येथे अशा शिळांचे मोठे क्षेत्र आहे. गडचिरोलीतील माडिया गोंडांत मृताच्या स्मरणार्थ दगड उभारण्याची रीत अलीकडच्या काळापर्यंत टिकली आहे.

महाराष्ट्रातली महापाषाणीय स्थळे मुख्यतः विदर्भात आहेत. जुनापाणी, माहुरझरी, नैकुंड येथे दफनांभोवती शिळावर्तुळे असून त्यांत लोखंडी हत्यारे आणि घोड्यांचे अवशेष मिळाले. यांपैकी बऱ्याच उत्खननांचे काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे.

खुद्द पुणे जिल्ह्यात मात्र माळावर दगड उभा दिसला की तो प्रागैतिहासिक ठरवण्याची घाई नको. घोड नदीकाठच्या इनामगावचे ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारे वापरणारे, शेतकरी (उत्खनन १९६८–८३) मृतांना घरातच पुरत. मुलांसाठी तोंडाला तोंड लावलेले दोन रांजण, मोठ्यांसाठी खड्डा, आणि मोठ्यांचे पाय बहुधा घोट्याखाली तोडलेले. वर खूण म्हणून शिळा नाही. गावाबाहेर दिसणारे उभे दगड पुष्कळदा वीरगळ (लढताना पडलेल्या वीराच्या स्मरणाचा दगड) किंवा सतीशिळा (सती गेलेल्या स्त्रीच्या स्मरणाचा) असतात, म्हणजे मध्ययुगीन. झिजलेल्या पृष्ठभागावर तिरक्या उन्हात चौकटी आणि माथ्याजवळचे शिवलिंग ओळखू येते. काही नुसते शिवेचे दगड.

इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–६६) पुण्याभोवतीच्या टेकड्या पायी हिंडले आणि १९६२ मध्ये त्यांनी पुणे जिल्ह्यातील महापाषाणांवर लेख लिहिला. देवीच्या जुन्या ठाण्यांजवळ सूक्ष्मास्त्रे, म्हणजे प्रागैतिहासिक माणसाची दगडाची बारीक हत्यारे, सापडतात, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. ठाण्याची जागा देवळाहून फार जुनी असू शकते, हा त्यांचा मुद्दा आजही विचारात घ्यावा असा आहे. पण जागा जुनी म्हणून तिथला दगडही तितकाच जुना, असे होत नाही.

काळ ठरवणे अवघड. रेडिओकार्बन पद्धतीला कोळसा, हाड असे सेंद्रिय द्रव्य लागते. इथला काळा दगड, म्हणजे बसाल्ट, तिच्या कामाचा नाही. त्यामुळे दगडाच्या बुडाशी, न ढवळलेल्या थरात काय आहे ते पाहावे लागते. म्हसोबा, वेताळ किंवा एखाद्या आईचा तांदळा (देवी म्हणून पुजलेला अनघड दगड) झालेल्या दगडाखाली खणायला गावकरी कसे तयार होणार? शिवाय शेंदराची पुटे चढत गेली की दगडाचा मूळ आकारही दिसत नाही.