लो-नॉइज पॉवर सप्लाय

इलेक्ट्रॉनिक सर्किटला डीसी व्होल्टेज पुरवताना त्यावरचा रिपल (नियमित चढउतार) आणि नॉइज (अनियमित खळबळ) काही मायक्रोव्होल्टपर्यंत खाली आणणारा पॉवर सप्लाय. मोजमापाची उपकरणे, ऑडिओ आणि रेडिओ यांत तो लागतो.

गरज किती बारीक असते ते लासलगावच्या कांदा बाजाराकडे जाणारे ट्रॅक्टर-ट्रक तोलणाऱ्या भुईकाट्यावर कळते. काट्यातला लोडसेल, म्हणजे भाराचे व्होल्टेजमध्ये रूपांतर करणारा सेन्सर, पूर्ण भाराला त्याला पुरवलेल्या दर व्होल्टमागे साधारणपणे 2 मिलिव्होल्ट देतो. 5 व्होल्ट दिले तर पूर्ण भाराला 10 मिलिव्होल्ट. हा पूर्ण भार 40 टन धरला आणि काटा 10-10 किलोंनी वाचायचा असला, तर एक पायरी अवघ्या 2.5 मायक्रोव्होल्टची. शेतकऱ्याच्या मालाचे वजन या पायरीवर ठरते.

230 व्होल्ट, 50 हर्ट्झची वीज ट्रान्सफॉर्मरने उतरवून ब्रिज रेक्टिफायरमधून (एसीचे डीसी करणाऱ्या चार डायोडमधून) गेली की 100 हर्ट्झचा रिपल उरतो. 1 अँपिअर भाराला 4700 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तरी तो 2 व्होल्टच्या आसपास राहतो. एलएम 317 रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारी चिप) तो सुमारे 65 डेसिबलने दाबतो, म्हणजे 1 मिलिव्होल्टपर्यंत आणतो. त्याच्या ॲडजस्ट पिनला (व्होल्टेज ठरवणाऱ्या पिनला) 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला की 80 डेसिबल मिळतात आणि 0.2 मिलिव्होल्टच उरतो. इतक्या स्वस्तात एवढा फायदा दुसऱ्या कशात नाही. एलटी 3045 सारख्या रेग्युलेटरचा स्वतःचा नॉइज तर 10 हर्ट्झ ते 100 किलोहर्ट्झ या पट्ट्यात केवळ 0.8 मायक्रोव्होल्ट असतो.

पण महागडा रेग्युलेटरही चुकीच्या ग्राउंडपुढे (सर्किटच्या सामाईक शून्य व्होल्टच्या जोडणीपुढे) हतबल होतो. रेक्टिफायरनंतरचा कपॅसिटर सलग भरत नाही. व्होल्टेजच्या शिखरापाशी करंटचे झटके घेत भरतो. 1 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या 10 सेंटिमीटर तारेचा रोध सुमारे 1.7 मिलिओहम. तिच्यातून 2 अँपिअरचा झटका गेला की 3.4 मिलिव्होल्ट पडतात. सिग्नलचे ग्राउंड याच तारेवर घेतले, तर लोडसेलच्या पूर्ण सिग्नलच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी गुणगुण आत शिरते. म्हणून ब्रिज ते कपॅसिटर ही वाट आखूड आणि वेगळी ठेवतात, आणि बाकी सगळी ग्राउंडे कपॅसिटरच्या पुढे एकाच बिंदूवर आणतात.

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत वेल्डिंग मशीन आणि मोटर ड्राइव्ह उपकरणांच्याच वीजलाइनवर चालतात. त्यांचा किंवा एसएमपीएसचा (वेगाने चालू-बंद होणाऱ्या स्विचिंग पॉवर सप्लायचा) नॉइज कित्येक किलोहर्ट्झच्या वर असतो. इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीला बहुतेक रेग्युलेटरांची दाबण्याची ताकद घटते, त्यामुळे आधी कॉइल-कपॅसिटरचा फिल्टर द्यावा लागतो.

सप्लायचा नॉइज तपासताना ऑसिलोस्कोपच्या (व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या उपकरणाच्या) प्रोबची लांब ग्राउंड क्लिप काढून टोकाशी आखूड स्प्रिंग लावावी. लांब तार अँटेनासारखी आजूबाजूचा नॉइज पकडते आणि तो सप्लायचाच वाटतो.